कपिलीची घंटी

माणसं गेमच्या दुकानात खेळायला जातात, आमचे बिरप्पामामा तिथं भाकरी खायला जायचे.

बसवकल्याणला बसस्टँडच्या मागं शिवलिंगप्पांचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. आत दिवसाही अंधार, भिंतीला ओळीनं मशीनं, एका पडद्यावर कुणी कुणाला बुकलतोय, दुसऱ्यावर विमानं फुटतायत, आणि त्या सगळ्या आवाजावर ताण करणाऱ्या खेळणाऱ्यांच्या मराठी, कन्नड आणि दखनी शिव्या. मामा बाहेर चपला काढून आत यायचे. धोतर, पटका, खांद्यावर घोंगडं, हातात फडक्यात बांधलेली भाकरी. सगळ्यात मागं कोपऱ्यात एक जुनं मशीन होतं, तिकडं जायचे. दुकानात जो कोणी रिकामा दिसेल त्याच्या खेळाचे पैसे स्वतः भरायचे, त्याला मशीनपुढं उभं करायचे आणि आपण मशीनकडं पाठ करून स्टुलावर बसायचे. मग फडकं सोडून मांडीवर भाकरी घ्यायची, तिच्यावर शेंगदाण्याची चटणी ठेवायची आणि म्हणायचं, "हं, सोडा गोळी."

गोळी सुटायची. मशीनमधली घंटी दोन-चारदा वाजायची आणि थांबायची. मामांचा पहिला घास अजून तोंडातच असायचा.

"गेली?" ते मागं न बघता विचारायचे.

"गेली, काका."

"बगा डाक्टर. एक घास बी व्हईना. दुखनं वाढायलंय हिचं."

डाक्टर म्हणजे मी. भालकीत माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. घरात मला कुणी मेकॅनिकसुद्धा म्हणत नाही, 'तुमचं ते भंगार उचला' एवढंच म्हणतात. मामांनी मात्र मला थेट डॉक्टर करून टाकलं होतं, आणि तेही माणसांचा नाही, ढोरांचा. कारण कोपऱ्यातलं ते मशीन त्यांच्या लेखी मशीन नव्हतंच. ती त्यांची विकलेली गाय होती. नाव कपिली.

आता ही कपिली काय चीज होती ते सांगतो. कमरेएवढी उंच, चार पायांवर उभी, तपकिरी रंगाची लाकडी पेटी. वरून काच. काचेखाली उतरता फळा, त्यावर रबर लावलेले खुंट, रंगीत दिवे आणि एक पितळी घंटी. उजवीकडचा दट्ट्या ओढून सोडला की लोखंडी गोळी वर जायची आणि खुंटांवर आपटत, घंटी वाजवत खाली घरंगळायची. खाली दोन फळ्या. दोन्ही बाजूंची बटणं दाबली की त्या गोळीला लाथ मारून परत वर पाठवायच्या. लाथ चुकली की गोळी तळच्या भोकात गेली, खेळ संपला. याला पिनबॉल म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. मामा त्या दोन फळ्यांना 'मागचे पाय' म्हणायचे.

मामा मूळचे भालकीजवळच्या मेहकरचे, धनगर. बापाची मेंढरं मोठी होती. पुढं रानं कमी झाली, उरली त्यांना लोकांनी तारा घातल्या, आणि मेंढरं घेऊन हिंडायला जागाच राहिली नाही. शेवटी असतील नसतील ती मेंढरं ट्रकमध्ये घालून मामांनी हैदराबादला नेऊन विकली आणि येताना त्याच ट्रकमध्ये कपिलीला घेऊन आले. तिथलं एक जुनं हॉटेल मोडत होतं, सामान रस्त्यावर काढलं होतं, त्यात ही उभी. "ले जाओ पटेल, खेलते बैठो," असं म्हणत हॉटेलवाल्यानं खेळून दाखवलं. मामा म्हणे बराच वेळ नुसते बघत राहिले. गोळी कुठंही भरकटली तरी शेवटी खालीच येते, हे त्यांच्या मनात भरलं.

"जिंदगी गेली माजी मेंढरामागं," ते मला सांगायचे. "सांजच्याला एक ना एक हुकलेलंच. आन् ही गोळी बगा, कुटं बी हिंडू द्या, येतीया घरला."

"अहो मामा, ती खाली आली की खेळणारा हरतो."

"हरू द्या की. जित्राब घरी आल्यावर कोन हरलं?"

भालकीत माझ्या दुकानाला लागूनच त्यांनी गाळा घेतला. गावात केबल नुकती येत होती, पुण्या-हैदराबादला गेलेल्या पोरांशी बोलायला लोक एसटीडी बूथसमोर रांगा लावत होते, आणि कपिलीपुढंही रांग लागायची. मामांचं दुकान चालवणं म्हणजे राखण करणं. कुणी मशीनवर हात आपटला की "मुकं हाय वो, बोलून दाखवत न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. रोज सकाळी काच पुसायची. पोळ्याला चारी पायांना हळद-कुंकू लावायचं आणि पुरणपोळीचा नैवेद्य दाखवायचा. गायीचं तोंड कुठलं हा प्रश्न त्यांनी स्वतःपुरता सोडवला होता. नाणं टाकायच्या फटीशी ते पोळी धरायचे. एका पोळ्याला पुरण आत गेलं आणि ते खरवडून काढण्यात माझा सण गेला.

दुपारी ते शटर खाली ओढायचे. त्याआधी सुंदरामामी, त्यांची बायको, घरून जेवण घेऊन यायच्या. मामींबद्दल सांगावं असं तेव्हा माझ्याकडं काहीच नव्हतं. पदर कपाळापर्यंत, मान खाली, काही विचारलं तर 'व्हय' नाहीतर 'न्हाई'. मूलबाळ नव्हतं. घरात म्हातारी सासू, तिचं तोंड दिवसभर चालू, आणि त्यात सुनेच्या रिकाम्या कुशीचा उद्धार रोजचा. त्या घरात मामी कधी हसल्या असतील असं मला वाटत नाही. शटर पडलं की आत कपिलीची घंटी सुरू व्हायची. एकसारखी वाजायची, दम म्हणून घ्यायची नाही. माझा सोल्डरचा हातसुद्धा त्या ठेक्यावर चालायला लागला होता. आम्हा शेजाऱ्यांची समजूत अशी की मामा एका हातानं जेवतात आणि दुसऱ्या हातानं गाय हिंडवतात.

मग मामींचं पोट दुखायला लागलं. आधी झाडपाल्याचं औषध झालं, मग बिदर, मग सोलापूर. सोलापुराहून त्यांना परत आणलं ते मातीलाच. त्यांच्यामागं म्हातारीही फार टिकली नाही. शिव्या घालायला माणूस उरलं नाही म्हणून गेली, असं गल्लीतल्या बायका म्हणायच्या. त्यात फारसं खोटं नसावं.

मामांनी पुन्हा दुकान उघडलं. पण कुणी खेळायला लागलं आणि घंटी वाजली की ते उठून रस्त्यावर जाऊन उभे राहायचे. आम्हाला वाटलं, धंद्याला वैतागले. तोवर रंगीत पडद्यांचे गेम आले होते आणि कपिलीपुढची रांग संपली होती. थोड्याच दिवसांत त्यांनी ती बसवकल्याणच्या शिवलिंगप्पांना विकून टाकली.

त्या दिवशीचा तमाशा अख्ख्या बाजारानं पाहिला. मशीन टेम्पोत चढलं, दोरखंड आवळले, आणि शिवलिंगप्पांच्या ध्यानात आलं की त्याला वायरच नाही. प्लगसकट कापून, गुंडाळून, मामांनी ती काखेत धरली होती.

"अण्णा, वायर?"

"दावं देत नसतेत."

"म्हंजे?"

"जनावर इकावं, दावं इकू नये. दाव्यासंगं बरकत जाती. तुमी तुमचं दावं आना."

शिवलिंगप्पा मुरलेला व्यापारी, पण त्यांच्याही दारात बैल होते. त्यांनी मान हलवली आणि ही मागणी मुकाट मान्य केली. दोन शहाणी माणसं विजेच्या वायरीला दावं समजून व्यवहार करतायत, आणि नवं दावं जोडून द्यायला तिसरा शहाणा मी.

माझे खरे हाल इथून सुरू झाले. आमच्या भागात विकलेल्या जनावराला जुना धनी एकदा तरी बघून येतो. खातंय का, पितंय का, नवा धनी मारकुटा तर नाही ना. एकदा गेलं की माणसं विसरतात. मामा विसरले नाहीत. दर काही दिवसांनी सकाळी माझ्या दुकानाच्या पायरीवर हजर.

"डाक्टर, हत्यारं घ्या. सपनात आली वती."

मग बसवकल्याणची बस, उभ्यानं प्रवास, मांडीला टोचणारी माझी पक्कड, आणि तिथं पोचल्यावर तो भाकरीचा कार्यक्रम. तक्रार कायम एकच, घंटी कमी वाजते. "एक गोळी म्हंजे एक भाकर, असं हिचं मोजमाप हाय," ते शिवलिंगप्पांना बजावायचे. "भालकीला व्हती तवा भाकर संपायची, मंग गोळी पडायची. आता घास बी व्हईना. उपाशी ठेवायलाव का तिला?"

"काय खायला घालू, अण्णा? करंट खाते ती. आन् करंट मलाच मिळंना झालाय."

मी काच उचलून बघायचो. घंटी ठणठणीत, ठोका जागेवर, कॉइल गार. तसं सांगितलं की मामा माझ्याकडं कीव आल्यासारखं बघायचे. "तुमाला रेडूचं कळतंय. जनावराचं न्हाई." घरी आलो की बायको विचारायची, गिऱ्हाईक सोडून कुठं हिंडता म्हणून. आमच्या घरात भांडण कन्नडमध्ये होतं आणि समेट मराठीत. मला या प्रश्नाचं उत्तर दोन्हीत देता आलं नाही.

एकदा मी वैतागून म्हणालो, "मामा, एवढा जीव आहे तर परत घ्या की विकत. शिवलिंगप्पा आनंदानं देतील, वर भाडं भरतील."

"इकलेलं जनावर परत दावनीला बांदत न्हाईत, डाक्टर. आमच्यात चालत न्हाई ते." यावर चर्चा संपली. माणूस स्वतःच्या नियमात कसा अडकतो आणि वर त्याचा मान राखत बसतो, ते मी डोळ्यांनी बघितलंय.

शिवलिंगप्पांनी गेमचं दुकान मोडून मोबाईलचं केलं. कपिली हुमनाबादच्या एका धाब्यावर गेली. आम्ही हुमनाबादला जायला लागलो. धाबेवाल्यानं तिला गुलबर्ग्याला, स्टेशनच्या बाजूला गेमचं दुकान चालवणाऱ्या रफीकभाईला विकलं. आम्ही गुलबर्ग्याला जायला लागलो. प्रत्येक ठिकाणी मशीनं आधीपेक्षा कमी आणि खेळणारे त्याहून कमी. खेळायच्या वयाची पोरं पुण्याला कारखान्यात लागली होती, कुणी हैदराबादला बांधकामावर होती, उरली ती हातातल्या मोबाईलमध्ये मान घालून बसलेली. मामांना पैसे भरूनसुद्धा खेळायला माणूस मिळेना. माझंही काही वेगळं नव्हतं. बिघडलेला टीव्ही दुरुस्त करून वापरायचे दिवस सरले होते. लोक नवा आणत होते आणि जुना माझ्या दुकानासमोर टाकून जात होते. बसमध्ये आम्ही दोघं शेजारी बसायचो आणि मला वाटायचं, या बसमध्ये कुणालाच नको असलेली दोन माणसं आहेत, आणि ती कुणालाच नको असलेल्या मशीनला भेटायला चाललीत. यातून काही चांगलं निघेल असं मला कधीच वाटलं नाही.

एक दिवस रफीकभाईचा फोन आला. "चचा को लेके आव. कल भंगारवाला आरा."

मामांना सांगितलं. त्यांनी नेहमीसारखी भाकरी बांधून घेतली. आता ते स्वतःच थापायचे, कडा करपलेली असायची.

गुलबर्ग्याच्या दुकानात दुपारी कुणीही नव्हतं. पडदेवाली मशीनं आधीच गेली होती, भिंतीवर त्यांचे चौकोन तेवढे उजळ दिसत होते. कपिलीवर कोल्ड्रिंकचे रिकामे क्रेट रचलेले. मामांनी एकेक उतरवून खाली ठेवला, काच पुसली आणि म्हणाले, "बगा डाक्टर, काय करता येतंय का. शेवटचं."

मी बसलो. फ्यूज उडाला होता, दोन वायरी उंदरांनी खाल्ल्या होत्या. तासाभरानं दिवे लागले, निम्मेच. मी बोटानं ठोका दाबून दाखवला. घंटी पहिल्या दिवसासारखी वाजली.

"घंटी चांगली आहे, मामा."

"कुनी तरी खेळून दावा."

रफीकभाई मागं सरला. "मेरेकू नै आता, चचा." राहिलो मी. मामा पाठ करून क्रेटवर बसले, मांडीवर भाकरी घेतली. "हं, सोडा."

मी दट्ट्या ओढला. गोळी वर गेली, घंटी दोनदा वाजली, मी घाईघाईनं बटणं दाबली, गोळी फळ्यांच्या मधून सरळ भोकात. दुसरी गोळी, तेच. मामांनी भाकरी मोडलीसुद्धा नव्हती.

"दमच ऱ्हायला न्हाई हिच्यात," ते म्हणाले.

मला एकदम राग आला. इतक्या वर्षांचा, इतक्या बसचा. "मामा, हिला काहीही झालेलं नाही. कधीच नव्हतं. भालकीत भाकरी संपेपर्यंत गोळी चालायची ती तुमच्या हातामुळं. तुम्ही खेळायचात, म्हणून. उठा, खेळा आता, आणि बघा वाजते की नाही."

"मी कवा खेळलो?" मामा म्हणाले.

"रोज दुपारी शटर लावून कोण खेळायचं मग?"

"ती खेळायची."

मला क्षणभर कळलंच नाही. "सुंदरामामी?"

"व्हय." त्यांनी अजून मान वळवली नव्हती, समोरच्या रिकाम्या भिंतीकडं बघूनच बोलत होते. "पयल्या दिवशी भाकर घिऊन आली तवा म्हनली, मी एकदा बगू का करून? म्हनलं, कर की. तर म्हनली, तुमी तिकडं त्वांड करून बसा, मला लाज यायलीय, बगू नगा. मंग मी तिकडं त्वांड करून जेवाय बसलो. मागं घंटी वाजाय लागली, आन् ती हासाय लागली. लगीन होऊन इतकी वर्सं झालती डाक्टर, तिला हासाय येतंय हे मला ठावकं नव्हतं. घरात आई. तिथं कशाची हासती." त्यांनी मांडीवरची भाकरी परत फडक्यात गुंडाळली. "मंग रोजचंच झालं ते. भाकर संपली की ती भांडी घिऊन घरला जायची. म्हनून मी लै हळू खायचो."

"विकली का मग?"

"घंटी वाजली की मागं बगावं वाटायचं. मागं गिऱ्हाईक."

रफीकभाईला मराठी अर्धीच कळत असेल, पण तो बाहेर जाऊन उभा राहिला. मघाचा राग कुठं ठेवावा ते मला कळत नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "मामा, अजून गोळ्या शिल्लक आहेत. तुम्ही खेळा. तुमच्या हातानं होऊ द्या."

ते उठले. फडकं बाजूला ठेवलं, हात धोतराला पुसले. पहिल्यांदाच मी त्यांना कपिलीच्या समोर, खेळणाऱ्याच्या जागेवर बघत होतो. त्यांनी दट्ट्या ओढला तो फार हळू, गोळी वर पोचलीच नाही, माघारी आली. मग जोरात ओढला. गोळी सुटली, एक घंटी, दुसरी, आणि मामांनी बटणं दाबेपर्यंत ती भोकात गेलीसुद्धा. पुढची गोळी सोडताना ते वाकून, नाक काचेला लावून उभे राहिले. बोटं ताठ, बटणांवर आधीच. गोळी डावीकडून आली, त्यांनी उजवं दाबलं. गेली. शेवटच्या गोळीला त्यांनी सारखी दोन्ही बटणं दाबत ठेवली. फळ्या फडफडत राहिल्या आणि गोळी त्यांच्या मधून निघून गेली.

मामा तसेच वाकून राहिले. पाठीमागून मला त्यांचा पटका तेवढा दिसत होता.

"डाक्टर," ते म्हणाले, "हे अवघड हाय की वो."

"अवघडच आहे, मामा."

"मला वाटायचं, गाय गुनाची हाय. कुनी बी हात लावला तर वाजती. मागं बसलं की सोपं वाटायचं." त्यांनी काचेवरनं हात फिरवला. "आन् ती भाकर संपस्तवर एका गोळीवर खेळायची. रोज. डोस्क्यावर पदर घिऊन. एकदा बी म्हनलो न्हाई तिला, की लै भारी खेळतीस म्हनून. मला कळलंच न्हाई तर म्हनू कसं?"

दिवे लागलेले होते, ते मालवायचंही मला सुचेना.

"कशी उबी ऱ्हायत असंल, हात कसे ठिवत असंल, हासताना कशी दिसत असंल. काय बी ठाव न्हाई बगा मला." ते सरळ झाले आणि माझ्याकडं वळले. "बगू नगा म्हनली. आन् मी येडा, खरंच बगितलो न्हाई."